वय बदललं की भुलीचं गणित बदलतं: स्नायू सैल करणारं औषध बाळाला, तरुणाला आणि आजीला वेगळं का लागतं?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ‘भुलीचं इंजेक्शन’ हे शब्द बहुतेकांच्या कानावर पडतात ते बिबट्याच्या बातमीतून. उसात किंवा विहिरीत सापडलेला बिबट्या, जमलेली गर्दी, डार्ट मारणारे डॉक्टर आणि मग माणिकडोहच्या निवारा केंद्राकडे निघालेला पिंजरा. त्या डार्टमध्ये औषध किती भरायचं, हे लांबून बघूनच ठरवावं लागतं. जनावर केवढं आहे? बछडा आहे की पूर्ण वाढलेलं? म्हातारं, आजारी तर नाही ना?

माणसाला ऑपरेशनसाठी भूल देताना वापरली जाणारी औषधं बरीच वेगळी असतात. शिवाय वजनकाटा असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात, जुनी फाईल असते. पण प्रश्न तोच राहतो.

समजा, ओतूरकडच्या एका घरात एकाच वर्षात तीन ऑपरेशनं झाली. दोन महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं, तिशीतल्या बापाचं अपेंडिक्सचं आणि ७८ वर्षांच्या आजीचं पित्ताशयाचं. तिघांनाही पूर्ण भूल दिली गेली आणि तिघांनाही स्नायू सैल करणारं तेच औषध मिळालं. गंमत म्हणजे, किलोमागे पहिला डोस तिघांचाही साधारण सारखाच निघू शकतो. पण बापाच्या अंगातून तो जितक्या वेळात उतरेल, तितक्याच वेळात बाळाच्या किंवा आजीच्या अंगातून उतरेल, याची खात्री नाही. भूलतज्ज्ञाचं बरंचसं कसब या फरकात खर्च होतं.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध असतं का?

नाही. आपण ‘भूल दिली’ असं एका शब्दात म्हणतो, पण त्यात किमान तीन वेगळी कामं असतात. झोपवणं, वेदना थांबवणं आणि स्नायू सैल करणं. झोपेसाठी प्रोपोफॉलसारखं औषध आणि मग नळीतून दिला जाणारा वायू, वेदनेसाठी फेंटानिलसारखं औषध आणि स्नायूंसाठी मसल रिलॅक्सन्ट. आपल्याकडच्या ओटीत व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम आणि सक्सिनिलकोलीन ही त्यातली नेहमीची नावं.

इथे एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. कंबर धरली की मेडिकलमधून आणलेल्या गोळीलाही लोक ‘मसल रिलॅक्सन्ट’ म्हणतात. त्या गोळीचा आणि या औषधाचा संबंध फक्त नावापुरता. भुलीतल्या औषधाने माणसाचा प्रत्येक ऐच्छिक स्नायू थांबतो. पापणी हलत नाही, जीभ हलत नाही, श्वासाचा पडदाही हलत नाही. म्हणून हे औषध दिलं की श्वास यंत्राने किंवा फुग्याने द्यावाच लागतो.

मग ते देतातच कशाला? श्वासनलिकेत नळी घालताना स्वरयंत्र सैल असावं लागतं. पोटाच्या ऑपरेशनमध्ये, विशेषतः दुर्बिणीच्या, पोटाची भिंत ताठ राहिली तर सर्जनला आत जागाच मिळत नाही.

या औषधाने झोप येत नाही आणि वेदनाही कमी होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. झोपेचं औषध कमी पडलं आणि हे मात्र पूर्ण लागू पडलं, तर माणूस जागा असूनही बोट हलवू शकत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, पूर्ण भूल दिलेल्या सुमारे १९,००० जणांमागे एकाने आपल्याला मध्येच जाग आल्याची तक्रार केली होती. स्नायू सैल करणारं औषध मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ८,००० मागे एक असं होतं. म्हणजे असं क्वचित होतं, पण भूलतज्ज्ञ ते कधी विसरत नाहीत.

प्रत्येक ऑपरेशनला मात्र हे लागत नाही. सिझेरियन, मोठ्या माणसांचा हर्निया, खुब्याचं हाड, यांतली बरीच कामं कमरेत इंजेक्शन देऊन होतात. मोतीबिंदूला तर डोळ्यापुरतीच भूल पुरते.

मण्यारीचं विष आणि ओटीतलं औषध

हे औषध नेमकं कुठे काम करतं, हे समजून घ्यायला जुन्नर तालुक्याइतकी जवळची जागा नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे सर्पदंशावरच्या उपचारांसाठी ओळखले जातात. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षांच्या या पट्ट्यात साप आणि माणूस रोज समोरासमोर येतात. त्यात नाग आणि मण्यार हे दोन विषारी साप माणसाचे स्नायूच बंद पाडतात.

मण्यार बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. भूलतज्ज्ञाने हे वर्णन वाचलं तर त्याला ते ओळखीचं वाटेल. रिलॅक्सन्ट दिल्यावर ओटीत जे काही मिनिटांत घडतं, तेच इथे काही तासांत घडतं. फरक इतकाच की ओटीत श्वास द्यायला माणूस उशाशी उभा असतो.

मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो तिथे एक अगदी बारीक फट असते. मेंदूचा निरोप तंतूच्या टोकाशी आला की तिथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं. पलीकडे स्नायूवर त्याच्यासाठी कुलपांसारखे रिसेप्टर असतात. रसायन कुलपात बसलं की स्नायू आकसतो. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही औषधं त्याच कुलपांत जाऊन बसतात, पण कुलूप उघडत नाहीत. नागाच्या विषातला एक घटकही हेच करतो. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडच्या बाजूचं, म्हणजे तंतूचं टोकच बिघडवतं. म्हणून मण्यार चावलेला रुग्ण कधीकधी कितीतरी दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो.

हा योगायोग नाही. या रिसेप्टरचा शोध घेताना शास्त्रज्ञांना मोठा आधार मिळाला तो मण्यारीच्या कुळातल्याच एका सापाच्या विषाचा. तैवानमधल्या चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये त्या विषातला बंगारोटॉक्सिन हा घटक वेगळा केला. ओटीतल्या औषधांचं मूळही विषातच आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावायचे ते क्युरारे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी २३ जानेवारी १९४२ रोजी ते भुलीत वापरलं. रुग्ण होता अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आलेला एक तरुण.

इथेच वयाचा पहिला धडा मिळतो, तोही उलट्या बाजूने. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा डोस लहान मुलाला कमी करत नाहीत. प्रौढाला जितक्या कुप्या, तितक्याच मुलाला. कारण साप चावताना समोरच्याचं वय किंवा वजन बघून विष सोडत नाही आणि प्रतिविष हे विषाच्या मापाने द्यायचं असतं. भुलीतलं औषध मात्र माणसाच्या मापाने द्यायचं असतं.

‘किती’ आणि ‘किती वेळ’

या औषधांचा डोस किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. व्हेक्युरोनियम किलोला साधारण ०.१ मिलिग्रॅम, रोक्युरोनियम ०.६, अ‍ॅट्राक्युरियम ०.५. म्हणजे ६० किलोच्या माणसाला व्हेक्युरोनियम ६ मिलिग्रॅम. हे गणित पाचवीतलं मूलही करेल.

पण त्यात दोन प्रश्न लपलेले असतात. स्नायू सैल पडायला औषध किती लागतं? आणि पडलेला स्नायू पुन्हा उठायला किती वेळ लागतो? पहिल्याचं उत्तर कुलपांवर आणि शरीरातल्या पाण्यावर अवलंबून आहे, तर दुसऱ्याचं यकृत, मूत्रपिंड आणि रक्ताभिसरणावर. वयाबरोबर या सगळ्या गोष्टी बदलतात आणि त्या एकाच दिशेने बदलत नाहीत.

कुलपांबद्दल आणखी एक गोष्ट. निसर्गाने स्नायूला गरजेपेक्षा खूप जास्त रिसेप्टर दिले आहेत. साधारण ७० ते ७५ टक्के कुलपं औषधाने अडवली तरी ताकद कमी झाल्याचं फारसं दिसत नाही. ९० टक्क्यांच्या वर गेलं की स्नायू पूर्ण थांबतो. म्हणजे ऑपरेशननंतर माणूस हात हलवतोय, डोळे उघडतोय, म्हणून औषध उतरलं असं होत नाही. अर्ध्याहून जास्त कुलपं अजून अडलेली असू शकतात.

तान्हं बाळ: संवेदनशील, पण पाणीदार

पहिले दोन-तीन महिने बाळाचा मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला जोड कच्चा असतो. अ‍ॅसिटिलकोलीनचा साठा कमी, त्यामुळे स्नायू लवकर दमतो. रक्तात थोडंसं औषध असलं तरी स्नायू सैल पडतो. यावरून कोणीही म्हणेल की डोस बराच कमी द्यायला हवा.

पण बाळाच्या अंगात पाणी फार असतं. पेशींच्या बाहेरचं पाणी मोठ्या माणसात वजनाच्या सुमारे २० टक्के, तर नवजात बाळात जवळपास ४० टक्के. ही औषधं याच पाण्यात पसरतात. तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि तेवढंच मीठ हंडाभर पाण्यात टाकलं, तर चव वेगळी लागणारच. म्हणजे एका बाजूने बाळाला औषध कमी पुरतं आणि दुसऱ्या बाजूने ते जास्त पातळ होतं. दोन्हींची गोळाबेरीज होऊन किलोमागचा पहिला डोस मोठ्यांच्या जवळपास येऊन ठेपतो.

खरा फरक नंतर दिसतो. यकृत आणि मूत्रपिंड पूर्ण तयार नसल्याने व्हेक्युरोनियम बाळाच्या अंगात रेंगाळतं. डेनिस फिशर आणि रोनाल्ड मिलर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या डोसनंतर स्नायू जवळपास पूर्ववत व्हायला तान्ह्या बाळांना सुमारे ७० मिनिटं लागली, मोठ्यांना ५० च्या आसपास आणि मुलांना ३५. म्हणजे मोठ्यांसाठी मध्यम पल्ल्याचं असलेलं औषध बाळासाठी लांब पल्ल्याचं होतं.

बाळाच्या श्वासाच्या पडद्यात न दमणारे तंतूही कमी असतात. त्यामुळे औषधाचा थोडासा उरलेला असरही त्याला महागात पडू शकतो.

शाळकरी मुलं: सगळ्यात जास्त डोस, सगळ्यात लवकर उतार

वरचा ३५ मिनिटांचा आकडा पुन्हा पाहा. मुलं दोन-तीन वर्षांची झाली की चित्र पालटतं. वजनाच्या मानाने स्नायू वाढलेले असतात, रक्ताभिसरण वेगवान असतं, यकृत जोमात असतं. साधारण ३ ते १० वर्षांच्या मुलाला किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त औषध लागतं, ते लवकर लागू पडतं आणि लवकर उतरतं. ‘लहान आहे, थोडंच द्या’ हे घरगुती शहाणपण इथे चालत नाही. एकूण मात्रा अर्थातच कमी असते, कारण वजन कमी. पण किलोमागे पाहिलं तर दुसरी-तिसरीतलं पोर आजोबांपेक्षा जास्त औषध पचवतं.

सक्सिनिलकोलीन या औषधाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते सगळ्यात झटपट काम करतं आणि मोठ्या माणसात पाच-दहा मिनिटांत उतरतं. मोठ्यांना किलोला १ मिलिग्रॅम पुरतं, तान्ह्या बाळांना सुमारे २ लागतं, पुन्हा त्याच जास्तीच्या पाण्यामुळे. मुलांमध्ये त्याने, विशेषतः दुसऱ्या डोसला, हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. त्याहून गंभीर म्हणजे, ज्या मुलाला ड्यूशेनसारखा स्नायूंचा आजार आहे पण तो अजून कळलेला नाही, त्याच्या रक्तातलं पोटॅशियम या औषधाने अचानक वाढून हृदय थांबू शकतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर औषधावर ठळक इशारा छापला गेला. तेव्हापासून मुलांमध्ये ते रोजच्या वापरासाठी नाही, तर श्वासमार्ग तातडीने ताब्यात घ्यायचा असेल तेव्हासाठी राखून ठेवतात. म्हणून ‘मूल उशिरा चालायला लागलं’, ‘सारखं पडतं’, ‘जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतं’ या गोष्टी भुलीच्या डॉक्टरांना सांगायच्या असतात, मग ऑपरेशन टॉन्सिलचं का असेना.

आजी-आजोबा: पहिला डोस तोच, पण घड्याळ वेगळं

म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे त्यांना औषध खूप कमी लागत असेल, हा समज नैसर्गिक आहे. अभ्यास वेगळंच सांगतात. वयाने स्नायूवरच्या कुलपांची औषधाबद्दलची संवेदनशीलता फारशी बदलत नाही. स्नायू सैल पडायला रक्तात जितकं औषध लागतं, ते तिशीत आणि पंचाहत्तरीत जवळपास तेवढंच.

बदलतात त्या तीन गोष्टी. एक, हृदयाचा पंप मंदावल्याने हातातल्या सलाईनमधून गेलेलं औषध स्नायूपर्यंत उशिरा पोचतं. अशा वेळी घाई करून ‘लागू पडत नाही’ म्हणून आणखी औषध दिलं, तर पुढे त्याचा हिशोब चुकता करावा लागतो. दोन, अंगातलं पाणी आणि स्नायू कमी होऊन चरबीचा वाटा वाढलेला असतो. तीन, यकृताकडे आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी झाल्याने औषध बाहेर पडायला वेळ लागतो. रोक्युरोनियमच्या अधिकृत माहितीपत्रकात हा फरक आकड्यांत दिसतो. तोच ०.६ मिलिग्रॅमचा डोस प्रौढांमध्ये मध्यम हिशोबाने ३१ मिनिटं टिकतो, वृद्धांमध्ये ४६ मिनिटं. त्यातही माणसागणिक फरक एवढा मोठा की काहींमध्ये तो तासाभराच्याही पुढे जातो.

मूत्रपिंडाबाबत एक फसवी गोष्ट आहे. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.० आलं की घरचे निश्चिंत होतात, ‘किडनी नॉर्मल आहे’. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच कमी उरले असतील तर आकडा चांगला दिसणारच. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्राने हिशोब करून पाहा. ३० वर्षांचा, ६० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १.०: मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ९२ मिलिलिटर. ७८ वर्षांची, ४० किलोची बाई, क्रिएटिनिन तेच १.०: सुमारे २९. एकच आकडा, पण क्षमता तिसऱ्या हिश्श्याइतकी. डोंगरपट्ट्यातल्या, आयुष्यभर राबलेल्या कितीतरी आज्यांचं वजन ४० च्या आसपासच असतं.

म्हणून म्हाताऱ्या माणसात भूलतज्ज्ञ पहिला डोस साधारण ठरलेलाच देतात, पण नंतरचे डोस लहान आणि लांब अंतराने देतात. किंवा अ‍ॅट्राक्युरियम, सिसअ‍ॅट्राक्युरियम निवडतात. या औषधांची खुबी अशी की त्यांचा मोठा भाग यकृत-मूत्रपिंडावर अवलंबून न राहता, शरीराच्या उष्णतेने आणि रक्ताच्या आम्लतेनुसार रक्तातच आपोआप तुटतो. वय वाढलं तरी त्यांचा वेळ फारसा लांबत नाही. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांच्या गटाने ते मुद्दाम तसं घडवलं होतं.

ओटीतला एसी हासुद्धा या हिशोबाचा भाग असतो. म्हातारं शरीर लवकर गार पडतं. शरीराचं तापमान दोनेक अंशांनी उतरलं तर व्हेक्युरोनियमचा असर जवळपास दुप्पट लांबू शकतो. आजीच्या अंगावर टाकलेलं गरम हवेचं पांघरूण फक्त मायेपोटी नसतं.

आता प्रश्न उरतो तो ‘वय’ म्हणजे नेमकं कोणतं. आधार कार्डावर अनेक वृद्धांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असते. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती. कोणी आपलं वय ‘बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं होतं’ असं सांगतं. भूलतज्ज्ञाला हा अंदाज चालतो, कारण त्याला कागदावरच्या वयापेक्षा शरीराचं वय हवं असतं. दोन जिने न थांबता चढता येतात का? शेतात अजून काम करतात का? सत्तरीत शिवनेरीच्या पायऱ्या चढून येणारा आणि साठीत अंगणात दमणारा, यांच्यात कागदावरचं वय उलटं उत्तर देतं.

उरलेला असर: इथे वय सगळ्यात जास्त महाग पडतं

ऑपरेशन संपलं, नळी काढली, रुग्णाला बाहेर आणलं. नातेवाईकांच्या दृष्टीने इथे भूल संपली. पण अंगात थोडं औषध शिल्लक असेल तर घशाचे स्नायू ढिले राहतात, गिळणं नीट होत नाही, लाळ किंवा पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, ऑक्सिजन खाली येतो. तरुण माणूस यातून सहज निभावतो. म्हाताऱ्या माणसाकडे तेवढी राखीव ताकद नसते.

अमेरिकेत ग्लेन मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १८ ते ५० आणि ७० ते ९० या दोन वयोगटांची तुलना प्रसिद्ध केली. रिकव्हरी रूममध्ये पोचल्यावर औषधाचा असर शिल्लक असलेल्यांचं प्रमाण तरुणांत ३० टक्के होतं, तर वृद्धांत जवळपास ५८ टक्के. वृद्धांमध्ये श्वासमार्ग अडणं आणि ऑक्सिजन कमी होणं हे प्रकारही जास्त दिसले.

हा असर मोजता येतो. मनगटाशी मज्जातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार हलके विजेचे झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते बघतात. चौथी हालचाल पहिलीच्या ९० टक्के तरी भरली, तर स्नायू परत आले असं धरतात. ही चार ठोक्यांची पद्धत १९७० च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये विकसित झाली. ‘डोकं उचला’, ‘हात दाबा’ ही जुनी चाचणी अजूनही चालते, पण असर शिल्लक असलेला माणूसही पाच सेकंद डोकं उचलून दाखवू शकतो. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत यंत्राने आकडा मोजण्याची शिफारस केली आहे.

औषध उतरवण्यासाठी आपल्याकडे नेहमी वापरतात ते निओस्टिग्मिन. ते अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. म्हणजे फटीत अ‍ॅसिटिलकोलीन साचतं आणि कुलपांवरून औषधाला हुसकावतं. नाग चावलेल्या रुग्णाला प्रतिविषासोबत देतात ते हेच. नवं औषध सुगमॅडेक्स व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियमच्या रेणूला वेढून रक्तातच कोंडून टाकतं. ते फार वेगाने काम करतं, तरीही वय सुटत नाही. रोक्युरोनियमचा मध्यम असर उतरवायला ६५ वर्षांखालच्यांत साधारण २.२ मिनिटं लागतात, ६५ ते ७४ मध्ये २.६ आणि ७५ च्या पुढे ३.६. तरुण बायकांसाठी यात वेगळी सूचना आहे: सुगमॅडेक्स दिलं असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर पुढचे ७ दिवस दुसरं साधनही वापरायचं असतं.

भुलीआधीच्या तपासणीत काय सांगायचं?

ऑपरेशन मंचरला असो, घोडेगावला, नारायणगावला किंवा पुण्यात, भुलीआधी डॉक्टर प्रश्न विचारतात. बहुतेक लोक ती औपचारिकता समजून ‘काही नाही, सगळं नॉर्मल’ म्हणून मोकळे होतात. खरं तर वयाने ठरलेला डोस अनेक गोष्टींनी पुढे-मागे होतो. फिट्सच्या फेनिटोइनसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर रिलॅक्सन्ट जास्त लागतं आणि लवकर उतरतं. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं किंवा मॅग्नेशियम मिळालं असेल तर असर लांबतो. मायस्थेनिया असेल, म्हणजे संध्याकाळी पापण्या पडतात, चावताना जबडा दमतो, तर नेहमीचा डोसही फार होतो. घरात कोणाला ‘भुलीतून उशिरा जाग आली’ असा इतिहास असेल, तर तो सांगायलाच हवा. सक्सिनिलकोलीन मोडणारं एन्झाइम काही घराण्यांत जन्मतःच कमी असतं. भारतात आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळल्याची नोंद आहे.

आणि टोमॅटो, कांदा, द्राक्षांच्या या पट्ट्यात एक प्रश्न खास इथला. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशकं नेमकं तेच एन्झाइम अडवतात जे सक्सिनिलकोलीन मोडतं. विषबाधा झालेल्या किंवा जास्त संपर्क आलेल्या माणसात पाच-दहा मिनिटांत उतरणारं हे औषध तासन्‌तास टिकू शकतं, आणि एन्झाइम पुन्हा भरून यायला काही आठवडे लागतात. नवजात बाळात हे एन्झाइम मुळातच मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतं, उतारवयातही थोडं घटतं. तरुण शेतकऱ्यात ते भरपूर असायला हवं, पण हंगामात पाठीवर पंप घेऊन फिरणारा तोच असतो. म्हणून शेतकऱ्याचं ऑपरेशन असेल तर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली, औषधाच्या बाटलीवरचं नाव काय होतं, हेही भूलतज्ज्ञांना सांगा. नाव आठवत नसेल तर बाटलीच्या लेबलचा मोबाईलवर काढलेला फोटो पुरतो.